विश्लेषण : सेटिंगमध्ये ‘०’ लिहिले, तरी संगणक त्याला ‘चालू’ का समजतो?

अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. मोबाइलवर इंटरनेट सुरळीत, पण त्याच वायफायवरच्या संगणकात एकही संकेतस्थळ उघडत नाही. राउटर बंद-चालू करून झाला, सेटिंगमधले आकडेही दोनदा पडताळून झाले. सगळे बरोबर दिसते, तरी काम अडते. अशा वेळी दोष आकड्यात नसून आकड्याच्या ‘प्रकारा’त असू शकतो.

‘प्रकार’ म्हणजे काय?

मोबाइल क्रमांक अंकांत लिहितात, पण दोन क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही. संगणकही असाच भेद करतो. हिशेबाची संख्या वेगळी आणि अक्षर म्हणून लिहिलेला अंक वेगळा. विंडोजची बरीचशी नेटवर्क सेटिंग ‘रेजिस्ट्री’ नावाच्या साठ्यात असतात. तिथल्या प्रत्येक नोंदीला नाव, प्रकार आणि मूल्य असते. ‘डीवर्ड’ म्हणजे ४ बाइटची संख्या, तर ‘स्ट्रिंग’ म्हणजे अक्षरांचा मजकूर. प्रॉक्सी चालू की बंद हे सांगणारी नोंद डीवर्ड असते, प्रॉक्सीचा पत्ता स्ट्रिंग असतो. हाताने दिलेला आयपी पत्ता ‘मल्टी-स्ट्रिंग’मध्ये जातो, कारण एका जोडणीला एकाहून अधिक पत्ते देता येतात.

चूक होते कुठे?

बहुतेकदा स्क्रिप्टमध्ये. रेजिस्ट्रीत नोंद करणाऱ्या ‘रेग ॲड’ या आदेशात प्रकार सांगितला नाही, तर विंडोज स्ट्रिंग गृहीत धरते. आदेश यशस्वी झाल्याचा संदेशही येतो. डीवर्डच्या जागी स्ट्रिंग बसल्याची कोणतीही सूचना मिळत नाही.

पुढे काय घडते?

ते नोंद वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून असते. काही प्रोग्रॅम आधी प्रकार तपासतात, तो चुकीचा दिसला की नोंद दुर्लक्षित करून मूळ सेटिंग वापरतात. प्रकार न तपासता ४ बाइट उचलणारा प्रोग्रॅम जास्त घोटाळा करतो. ‘०’ या अक्षराचा संगणकातला क्रमांक ४८ आहे. त्यामुळे स्ट्रिंगमधला ‘०’ संख्या म्हणून वाचला की ४८ होतो. ‘शून्य म्हणजे बंद, बाकी सगळे चालू’ असा नियम असेल, तर बंद केलेले सेटिंग चालू ठरते.

प्रकार बरोबर असला म्हणजे झाले का?

नाही. रेजिस्ट्री एडिटरमध्ये डीवर्ड बदलण्याची चौकट उघडली की ‘हेक्साडेसिमल’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तिथे ६४ टाइप केले तर प्रत्यक्षात १०० नोंदवले जातात. टाइप करण्यापूर्वी ‘डेसिमल’ निवडावे लागते.

आयपी पत्त्यातही अशीच फसगत होते. १९२.१६८.०१०.१ मधला ‘०१०’ माणसाला दहा वाटतो. जुन्या संकेतानुसार मात्र शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची, म्हणून तिची किंमत ८. एकच पत्ता दोन प्रोग्रॅमनी दोन प्रकारे वाचला, तर सुरक्षा तपासणीलाही चकवा देता येतो. ही त्रुटी २०२१ मध्ये समोर आल्यानंतर पायथनने ३.९.५ आवृत्तीपासून असे पत्ते नाकारायला सुरुवात केली.

मोबाइलवरही असे होते का?

अँड्रॉइडमध्ये वायफायसाठी स्थिर आयपी देताना ‘नेटवर्क प्रीफिक्स लेंग्थ’ विचारली जाते. तिथे २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क चालत नाही, २४ लिहावे लागते. दोन्हींचा अर्थ एकच, पण चौकटीला संख्या हवी असते. आयफोनमध्ये मात्र सबनेट मास्कच लिहायचा असतो.

दोष शोधायचा कसा?

१. काहीही बदलण्यापूर्वी रेजिस्ट्रीचा तो भाग ‘एक्स्पोर्ट’ करून जपून ठेवावा.

२. मूल्याआधी ‘टाइप’ हा रकाना पाहावा. ‘रेग क्वेरी’ या आदेशानेही नोंदीचा प्रकार दिसतो.

३. विंडोजची तीच आवृत्ती असलेल्या, नीट चालणाऱ्या संगणकातील नोंदीशी तुलना करावी.

४. एडिटरमध्ये मूल्य बदलता येते, प्रकार नाही. चुकीची नोंद काढून योग्य प्रकाराने नवी तयार करावी.

५. संगणक पुन्हा सुरू करून तपासावे. स्क्रिप्ट दुरुस्त केली नसेल, तर ती पुढच्या वेळी चालताच जुनी चूक परत येईल.

घरगुती वापरकर्त्यांनी शक्यतो रेजिस्ट्रीला हात न लावता विंडोजच्या सेटिंगमधूनच बदल करावेत. तिथे योग्य प्रकार निवडण्याचे काम विंडोज स्वतः करते. कार्यालयात किंवा शाळेच्या संगणक कक्षात एकच स्क्रिप्ट अनेक संगणकांवर चालते. तिथे ती आधी एका संगणकावर चालवून प्रकाराचा रकाना तपासणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते टाळले, तर तीच चूक प्रत्येक संगणकात जाते.