कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे? फँटसी फुटबॉलचा हिशेब

बागबाजार (कोलकाता) : संघातील कोणता खेळाडू पुढील मोसमासाठी राखावा आणि कोणाच्या बदल्यात कोणाला जाऊ द्यावे, हा वाद उत्तर कोलकात्याला नवा नाही. १५ ऑगस्ट १८८९ रोजी मोहन बागान क्लबचा जन्म याच बागबाजार-श्यामबाजार परिसरात झाला. खेळाडूंनी क्लब बदलण्याचा हंगाम, ज्याला बंगालीत ‘दलबदल’ म्हणतात, येथे सामन्यांइतक्याच उत्कंठेने पाहिला जात असे. फँटसी लीगने तोच निर्णय प्रेक्षकाच्या हाती दिला आहे.

फँटसी लीगमध्ये प्रत्येक स्पर्धक खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधतो आणि मैदानावरील त्यांच्या कामगिरीनुसार गुण मिळवतो. या प्रकाराचा उगम अमेरिकी फुटबॉलमध्ये, १९६२ साली विल्फ्रेड विंकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कल्पनेत झाला, असे मानले जाते. बहुतेक लीगमध्ये दरवर्षी संघ नव्याने निवडले जातात. ‘कीपर’ लीगमध्ये मात्र काही खेळाडू पुढील मोसमासाठी कायम ठेवता येतात. येथे ‘कीपर’ म्हणजे गोलरक्षक नव्हे, तर राखलेला खेळाडू.

भारतात या खेळाचे स्वरूप ऑगस्ट २०२५ मध्ये बदलले. संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. त्यानंतर मुंबईस्थित ‘ड्रीम ११’ने सशुल्क स्पर्धा बंद केल्या. विनाशुल्क लीगमध्ये पणाला लागतो तो स्पर्धकांचा परस्पर विश्वास. एखादा अविचारी किंवा एकतर्फी व्यवहार वर्षानुवर्षे चालत आलेली लीग मोडू शकतो. म्हणूनच हा हिशेब समजून घेणे आवश्यक ठरते.

नाव नव्हे, फरक पाहावा

खेळाडू राखताना तो किती मोठा आहे, हा पहिला प्रश्न नसतो. त्याला राखण्यासाठी काय मोजावे लागेल आणि लिलावात त्याला किती किंमत येईल, यांतील फरक महत्त्वाचा असतो. समजा, आठ स्पर्धकांच्या लीगमध्ये प्रत्येकाकडे १०० गुणांची थैली आहे. एका आघाडीवीराला राखण्याचा खर्च ३० आणि त्याची बाजारातील किंमत ३२ असेल, तर लाभ केवळ २ गुणांचा. उदयोन्मुख मध्यरक्षकासाठी ६ गुण मोजावे लागत असतील आणि त्याचे मूल्य १५ असेल, तर लाभ ९ गुणांचा. नाव पहिल्याचे मोठे असले, तरी पहिला हक्क दुसऱ्याचा.

यात लिलावातील भाववाढीचाही विचार करावा लागतो. आठही संघांकडे मिळून ८०० गुण आहेत. त्यांनी ३०० गुणांच्या मोलाचे खेळाडू २०० गुणांत राखले, तर लिलावात ५०० गुणांच्या मोलाच्या खेळाडूंमागे ६०० गुण धावतात. परिणामी भाव सरासरी २० टक्क्यांनी चढतात. मग ३२ चा आघाडीवीर सुमारे ३८ वर आणि १५ चा मध्यरक्षक १८ वर जातो. क्रम बदलत नाही, परंतु आधी सोडून द्यावासा वाटणारा आघाडीवीरही आता राखण्याजोगा ठरतो.

कालचे गुण, उद्याची संधी

गेल्या मोसमातील गुण हे पुढील मोसमाचे आश्वासन नसते. मोहन बागानच्या दिमित्री पेत्रातोसने २०२३-२४ च्या इंडियन सुपर लीगमध्ये १० गोल केले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ पटकावला. पुढील मोसमापूर्वी जेमी मॅकलारेन संघात आला आणि आघाडीची मुख्य जबाबदारी त्याच्याकडे गेली. त्या मोसमात पेत्रातोसला गोलांचा दुहेरी आकडा गाठता आला नाही, तर १२ एप्रिल २०२५ रोजी बंगळुरू एफसीविरुद्धच्या अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेतील विजयी गोल मॅकलारेनचा होता. त्यामुळे खेळाडू राखण्यापूर्वी त्याच्या जागेसाठी कोण नवा आला, हे तपासणे अगत्याचे आहे.

काही खेळाडूंचे मोल साथीदारावर अवलंबून असते. १९८५ मध्ये कृशानू डे आणि विकास पांजी ही जोडी मोहन बागान सोडून एकत्रच ईस्ट बंगालमध्ये गेली. जोडीतील एकाला क्लब सोडावा लागला, तर दुसऱ्याच्या गुणांचाही फेरविचार करावा लागतो.

स्पर्धेबाबतची अनिश्चितताही हिशेबात धरावी लागते. जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा आगामी मोसम स्थगित ठेवला. सामने कधी आणि किती होणार, हेच ठाऊक नसताना महागडा खेळाडू राखणे जोखमीचे असते.

अदलाबदल दोघांच्या हिताची

जुलै २०२३ मध्ये मोहन बागानने केरळ ब्लास्टर्सकडून सहल अब्दुल समदला घेतले. त्या व्यवहारात बागानला आयएसएल करंडक जिंकून देणारा कर्णधार प्रीतम कोटाल केरळकडे गेला आणि वर काही रक्कमही देण्यात आली. एका संघाला सर्जनशील मध्यरक्षक मिळाला, दुसऱ्याला अनुभवी बचावपटू. एकाकडील आधिक्याने दुसऱ्याची उणीव भरून निघणे, हेच चांगल्या अदलाबदलीचे मर्म आहे.

एकाच्या बदल्यात दोन खेळाडू देण्याचा प्रस्ताव अधिक फसवा असतो. क्रिकेटमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थान रॉयल्सने संजू सॅमसन चेन्नई सुपर किंग्जला दिला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन यांना घेतले. फँटसी लीगमध्ये अशा वेळी केवळ दोघांच्या गुणांची बेरीज पुरेशी नसते. १८० गुणांच्या खेळाडूसाठी ११० आणि १०० गुणांचे दोघे दिले, तर वरवर २१० विरुद्ध १८० असा तोटा दिसतो. मात्र रिकाम्या जागी मुक्त यादीतील ६० गुणांचा खेळाडू आला की बेरीज २४० होते. म्हणून खेळाडूंची नव्हे, व्यवहारापूर्वीच्या आणि नंतरच्या संपूर्ण संघांची तुलना करावी. दोन खेळाडू घेणाऱ्यालाही एकाला वगळावे लागते. त्याच्याकडे दोन जागा खरोखरच दुबळ्या असतील, तरच त्याला लाभ होतो.

नियम आधी, चुरस नंतर

वाद टाळण्यासाठी चार गोष्टी मोसमापूर्वीच लिहून ठेवणे हिताचे. राखलेल्या खेळाडूंची नावे सर्वांनी एकाच वेळी जाहीर करावीत. खेळाडू राखण्याचा खर्च दरवर्षी वाढावा आणि तो किती वर्षे राखता येईल, यालाही मर्यादा असावी. अदलाबदलीची अंतिम तारीख निश्चित असावी, कारण शर्यतीतून बाद झालेला स्पर्धक शेवटच्या टप्प्यात आपले खेळाडू मित्राला देऊन निकाल फिरवू शकतो. आणि व्यवहार रद्द करण्याचा अधिकार संगनमतापुरताच असावा. केवळ निर्णय चुकीचा वाटतो म्हणून तो रोखला, तर पुढे कोणीही व्यवहार करण्यास धजावणार नाही.

प्रस्ताव पाठवण्यापूर्वी समोरच्याच्या जागी बसून तो एकदा वाचावा. त्याने तो का स्वीकारावा, याचे प्रामाणिक उत्तर सापडत नसेल, तर तो न पाठवणेच बरे. कारण पुढल्या मोसमात त्याच्याशीच पुन्हा व्यवहार करायचा असतो.