शेरा आणि मौन : मितभाषी नोकरदाराच्या मूल्यमापनाचा प्रश्न

अबोल माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मितभाषी, भिडस्त, बुजरा, घुमा, मुखदुर्बळ ही विशेषणे जवळपास एकाच स्वभावाभोवती फिरतात. परंतु ‘मितभाषी’ म्हणताना आपण गुण सांगतो, ‘घुमा’ म्हणताना संशय व्यक्त करतो आणि ‘मुखदुर्बळ’ म्हणताना दोष नोंदवतो. स्वभाव तोच असतो, पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी बदलते. कचेरीच्या वार्षिक अहवालात यांपैकी कोणते विशेषण उतरेल, यावर मात्र माणसाची बढती अवलंबून असते. म्हणून अन्यायकारक मूल्यमापनाचा प्रश्न हा सेवानियमांइतकाच भाषेचाही प्रश्न आहे.

या दृष्टीने हर्मन मेलव्हिलची ‘बार्टलबी’ (१८५३) ही कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. नकलनवीस बार्टलबी जवळजवळ बोलतच नाही. त्याची कथा सांगतो तो त्याचा मालक. वाचकाला बार्टलबी दिसतो तो मालकाच्या नजरेतून, त्याच्या गोंधळासह आणि दयेसह. या अर्थाने ती कथा म्हणजे एक प्रदीर्घ गोपनीय अहवालच होय. जो स्वतःविषयी बोलत नाही, त्याच्याविषयी दुसरे बोलतात, आणि कागदावर तेवढेच उरते.

शासकीय सेवेत हा न्याय अक्षरशः लागू होता. गोपनीय अहवालाची पद्धत वसाहतकालीन प्रशासनातून आली. स्वातंत्र्यानंतरही प्रतिकूल शेरा तेवढा संबंधितास कळवावा असा संकेत राहिला. इतर नोंदी बंद लखोट्यातच राहत. प्रतिकूल शेरा न कळवता, त्यावर म्हणणे मांडण्याची संधी न देता बढती नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुरदियाल सिंग फिज्जी प्रकरणात १९७९ मध्ये स्पष्ट केले. परंतु मितभाषी माणसाचा घात बहुधा प्रतिकूल शेऱ्याने होत नाही. तो ‘चांगला’ या निरुपद्रवी शब्दाने होतो.

देवदत्त विरुद्ध भारत सरकार हा खटला याचे उत्तम उदाहरण होय. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या कार्यकारी अभियंत्यास १९९३-९४ या वर्षासाठी ‘चांगला’ अशी नोंद मिळाली होती. बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ ही प्रतवारी आवश्यक होती. नोंद प्रतिकूल नसल्याने ती त्यांना कळवली गेली नाही, आणि तिच्यामुळेच बढती हुकली. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, लष्करी सेवा वगळता सार्वजनिक सेवकाच्या अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती उत्कृष्ट का असेना, त्यास कळवलीच पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व उचलून धरले. निकाल लागेपर्यंत देवदत्त मात्र निवृत्त झाले होते, हेही विसरता येत नाही.

१४ मे २००९ च्या आदेशाने केंद्रीय सेवांत संपूर्ण अहवाल दाखवणे बंधनकारक झाले आणि त्यावर १५ दिवसांत निवेदन देण्याची तरतूद झाली. नव्या नमुन्यात कामाच्या निष्पत्तीला ४० टक्के, कार्यक्षमतेला ३० टक्के आणि व्यक्तिगत गुणांना ३० टक्के भार आहे. या शेवटच्या भागात संवादकौशल्य, नेतृत्व, परस्परसंबंध आणि एकूण व्यक्तिमत्त्व यांना गुण द्यायचे असतात. अबोल माणसाचे खरे रणक्षेत्र हेच. येथे मोजमाप संपते आणि विशेषण सुरू होते.

त्यातच भाषांतराचा पेच असतो. बंगळूरच्या शिवाजीनगरात एका गल्लीत तमिळ, दख्खनी उर्दू आणि कन्नड सहज कानी पडतात. कचेरीत मात्र बहुधा इंग्रजी चालते. स्वभाषेत गप्पिष्ट असलेला मराठी माणूस तेथे गप्प होतो, आणि भाषेची अडचण स्वभावाचा दोष म्हणून नोंदली जाते.

मग उपाय काय? बडबडे होण्याचा सल्ला व्यर्थ आहे. शेरा हा लेख आहे. त्याचे उत्तर लेखानेच द्यावे, आणि लेखन हे मितभाष्याचे बहुधा बलस्थान असते. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेला स्वतंत्र समास दिला, तो उगाच नव्हे. वर्षारंभीच नमुना वाचावा. दरमहा केलेल्या कामाची तारीखवार टिपणे ठेवावीत. तोंडी आदेश मिळाल्यास त्याच दिवशी दोन ओळींचे टिपण पाठवून तो कागदावर आणावा. स्वयंमूल्यमापनाचा रकाना संकोचाने अर्धा सोडू नये. तेथील मौन विनय ठरत नाही, रिकामी जागा ठरते. निवेदनात अधिकाऱ्याच्या हेतूवर टीका न करता, अमुक नोंद कोणत्या प्रसंगावर आधारलेली आहे, एवढेच विचारावे आणि आपला पुरावा जोडावा. खाजगी आस्थापनांत हे सेवानियम लागू नसतात. तेथेही चर्चेपूर्वी लेखी मुद्दे देणे आणि मतभेद अभिप्रायाच्या रकान्यात नोंदवणे सहसा शक्य असते.

अर्थात प्रत्येक टीका अन्याय्य नसते. सहकाऱ्याला हवी असलेली माहिती आपल्या अबोलपणामुळे पोहोचली नसेल, तर तो दोष कामाचाच होय, आणि तो मान्य करण्यातच आपल्या उरलेल्या म्हणण्याचे वजन वाढते. उलट, काम वेळेवर व चोख होत असताना केवळ चारचौघांत न मिसळण्यावरून गुण कापले जात असतील, तर तेथे मूल्यमापन माणसाचे होते आहे, कामाचे नव्हे. प्रत्येक निवेदन यशस्वी होईलच असे नाही. परंतु निवेदन दप्तरात राहिले, की पुढे ते दप्तर उघडणाऱ्याला एकाच्या जागी दोन लेख वाचावे लागतात, आणि न्यायाची सुरुवात तेथूनच होते.