छऱ्याच्या बंदुकीला तेल किती द्यावे?

श्रोतेहो, कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल द्यावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दाराची बिजागरी कुरकुरू लागली की घरातली आजीबाईसुद्धा खोबरेलाचे बोट लावते. गाडीच्या आसाला वंगण, शिवणयंत्राला तेल, सायकलच्या साखळीला तेल. यात हात आखडला तर यंत्र लवकर झिजते, हा आपला नेहमीचा अनुभव. म्हणूनच छऱ्याची बंदूक, म्हणजे एअर रायफल, हाती आली की आपण तिच्याही पोटात तेल ओततो, आणि नेमके तिथेच फसतो. या यंत्राचे तेल कमी पडून जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान तेल जास्त झाल्याने किंवा भलत्या जागी गेल्याने होते. ते का, हे आज पाहू.

आधी माझीच फजिती सांगतो. आमच्या शाळेत नेमबाजीच्या सरावासाठी अशी एक बंदूक होती. एकच, आणि वीस-पंचवीस मुले तिच्यावर हात बसवीत. एका पावसाळ्यात मी एका होतकरू मुलाला म्हटले, "बंदूक नीट पुसून ठेव रे, नाहीतर गंजेल." पोराने काम मनापासून केले. बाहेरून तर पुसलीच. शिवाय नळी खाली वाकवल्यावर मागे जे बारीक भोक दिसते, त्यात शिवणयंत्राच्या तेलाची बुधली पालथी केली. दुसऱ्या दिवशी पहिलाच बार असा निघाला की कौलांवरची कबुतरे उडाली. नळीच्या तोंडातून निळसर धूर आला. मुले टाळ्या पिटू लागली. "गुरुजी, बंदुकीत दम आला!" खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले.

पण छर्रा कागदावर नेहमीपेक्षा चार बोटे वर लागला होता, आणि पुढचा प्रत्येक छर्रा निराळ्याच जागी. आठ दिवसांत आतून खडखड ऐकू येऊ लागली. कारागिराने बंदूक उघडली तेव्हा स्प्रिंग दोन ठिकाणी तुटलेली होती आणि वायसर करपला होता. जिल्ह्याचे सामने तोंडावर आलेले. मुलांना उसन्या बंदुकीवर नेम धरावा लागला, आणि परकी बंदूक काही त्यांच्या हातात बसली नाही. त्या मुलाला मी रागावलो नाही. काय करावे ते मी सांगितले होते. काय करू नये ते सांगायचे मीच विसरलो होतो.

आता त्या दिवशी आत काय घडले ते समजून घेऊ. छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते. तिच्या पोटात एक लोखंडी सिलिंडर असते, त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या असतो, आणि दट्ट्याच्या मागे जाड स्प्रिंग. नळी खाली वाकवली की एक दांडी दट्ट्याला मागे रेटते, स्प्रिंग दाबली जाते आणि खटक्यात अडकून राहते. चाप ओढला की खटका सुटतो. दट्ट्या झपाट्याने पुढे येतो, समोरची हवा दाबतो, आणि ती दाबलेली हवा बारीक भोकातून जाऊन छऱ्याला ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी वायसर असतो, जुन्या बंदुकीत चामड्याचा, नव्यात बहुधा कृत्रिम पदार्थाचा. हवा मागे निसटू नये हे त्याचे काम.

हे सारे तुमच्या ओळखीचेच आहे. सायकलचा पंप घ्या, त्याच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दहा-वीस वेळा जोराने मारा. पंपाचे तोंड गरम लागेल. हवा झटकन दाबली की तापते, हा निसर्गाचा नियम आहे. आता शेतावरचे डिझेल इंजिन आठवा. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आत नुसती हवा इतकी दाबतात की ती लालबुंद लोखंडासारखी तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा गेला की ते आपोआप पेटते. बंदुकीच्या सिलिंडरमध्येही हवा क्षणार्धात दाबली जाऊन कित्येक शे अंशांपर्यंत तापते. तिथे खनिज तेलाचा अंश असला, तर ते तेलही पेटते. म्हणजे आपण नकळत बंदुकीचे डिझेल इंजिन केलेले असते! तो मोठा बार, तो धूर, तो जळक्या तेलाचा वास, ही त्याचीच लक्षणे. आतल्या आत झालेला हा भडका छऱ्याला जसा पुढे ढकलतो, तसा दट्ट्याला मागे हाणतो. स्प्रिंग तुटते, वायसर जळतो, आणि प्रत्येक भडका कमीजास्त असल्यामुळे नेम कधीच जमत नाही. ज्याला मुले दम म्हणतात, ते खरे म्हणजे बंदुकीचे दुखणे असते. नवी कोरी बंदूक पहिल्या काही छऱ्यांना थोडा धूर सोडते, ते कारखान्यातले वंगण असते. त्याने घाबरू नये. तो धूर थांबला नाही तर मात्र दुकानदाराला दाखवावी.

तर मग तेल द्यायचे कुठे? बंदुकीचे तीन भाग मनात धरा.

पहिला भाग, जिथे लोखंडावर लोखंड घासते. नळी जिथे वाकते ती खीळ, आणि दट्ट्या मागे रेटणारी दांडी. इथे वंगण हवेच. काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस मिळाले तर उत्तम. काडीच्या टोकावर मावेल इतके पुरे. चापाच्या बाहेरच्या खिळीला शिवणयंत्राचे तेल सुईच्या टोकाने थेंबभर. खटक्याच्या आत मात्र तेल सोडू नये. तिथे धूळ चिकटून चिखल होतो, आणि खटका नीट न अडकला तर बंदूक आपोआप सुटण्याचा धोका असतो.

दुसरा भाग, जिथे हवा दाबली जाते. इथे खनिज तेल पूर्ण वर्ज्य. वायसर कृत्रिम पदार्थाचा असेल तर त्याला बहुधा काहीच लागत नाही. बंदुकीबरोबरच्या माहितीपत्रकात सांगितले असेल तरच सिलिकोन तेलाचा एक थेंब द्यावा. ते सहजासहजी पेटत नाही. पण फवाऱ्याच्या डब्यातले सिलिकोन वापरू नका, कारण त्यातला ढकलणारा वायूच पुष्कळदा ज्वालाग्राही असतो. आणि हेच सिलिकोन तेल स्प्रिंगला किंवा खिळीला लावू नका. लोखंडावर घासणाऱ्या लोखंडाला ते पुरे पडत नाही. जुन्या बंदुकीतला चामड्याचा वायसर मात्र सुकतो. घरोघरी स्टोव्ह होते तेव्हाचे आठवा. पंपाचे चामडे वाळले की कितीही पंप मारा, हवा भरत नसे. बाईमाणसे त्या चामड्याला तेलाचे बोट लावीत आणि स्टोव्ह पुन्हा फुरफुरू लागे. तसाच हा वायसर. चामडे मऊ ठेवणारे योग्य तेल दोन-तीन थेंब त्या भोकात सोडावे, बंदूक रात्रभर उभी ठेवून ते मुरू द्यावे, आणि सकाळचे पहिले काही छर्रे मातीच्या ढिगावर सोडावेत. दोन-तीन थेंब म्हणजे दोन-तीनच. अति तेथे माती.

तिसरा भाग म्हणजे नळी. हिच्या आत नागमोडी खाचा असतात. त्या छऱ्याला गिरकी देतात आणि गिरकीमुळे तो सरळ जातो. छर्रा शिशाचा, मऊ असतो. तो जाताना खाचांत शिशाचा अगदी पातळ लेप बसतो आणि नळी एका चालीची होते. म्हणून नळी रोज घासू नये. नेम बिघडल्यासारखा वाटला तरच स्वच्छ, कोरडी सुती चिंधी दोरीला बांधून मागून पुढे ओढावी. लोखंडी सळई पुढून खुपसू नका. नळीच्या तोंडाच्या कडेला बारीक ओरखडा गेला तरी छर्रा वाकडा जातो.

घरातल्या तेलांविषयी दोन शब्द. खोबरेल थंडीत गोठते. करडईचे आणि जवसाचे तेल हवेत सुकून चिकट राळेसारखे होते. बंदुकीच्या यंत्रात ते गेले की खटका जाम झालाच समजा. मात्र हेच जवसाचे तेल लाकडी दस्त्याला चांगले. चिंधीने अगदी पातळ हात द्यावा, जिरू द्यावे, मग कोरडे पुसावे. पण ती तेलकट चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून टाकावी.

आपल्याकडे बंदुकीचा मोठा वैरी म्हणजे पावसाळा. कोकणात तर दोन दिवसांत तांबूस ठिपके दिसतात. हाताच्या घामात मीठ असते. बोटांचे ठसे उमटतात तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून सराव संपला की बाहेरचे लोखंड कोरड्या फडक्याने पुसावे, मग तेलाचा हात फिरवलेल्या दुसऱ्या फडक्याने पुसावे. नजरेला तेल दिसता कामा नये, बोटाला जेमतेम जाणवावे. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत बंदूक पावसाळाभर कोंडून ठेवू नका. पिशवी ओल धरते. कोरड्या कपाटात कुलूप लावून ठेवा, छर्रे वेगळ्या जागी, किल्ली मास्तरांच्या खिशात.

तेलाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. छर्रा न घालता चाप ओढू नका. मुलांना "नुसता खटका वाजवून पाहू" अशी हौस असते. छर्रा असला की तो क्षणभर हवेला अडवतो, आणि त्या दाबलेल्या हवेच्या गादीवर दट्ट्या हळू टेकतो. छर्रा नसला तर हवा सटकन निघून जाते आणि दट्ट्या सिलिंडरच्या तोंडावर हातोड्यासारखा आदळतो. तसेच स्प्रिंग चढवून बंदूक ठेवून देऊ नका. स्प्रिंग मरते, आणि कोणाचा तरी हात चापावर जातो. छर्रा घालताना वाकवलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरावी. खटका निसटला तर ती उसळून बोटे चिरडते. आणि बंदूक घरी उघडायच्या भरीस पडू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती तोंडावर उसळली तर डोळा जाईल.

हल्ली बाजारात प्लास्टिकच्या ६ मिलिमीटर गोळ्या उडवणाऱ्या खेळातल्या बंदुका येतात. त्यांना एअरसॉफ्ट म्हणतात. स्प्रिंगवर किंवा मोटारीवर चालणाऱ्यांत दट्ट्याचे तत्त्व हेच. फरक इतकाच की आत रबराच्या चकत्या आणि प्लास्टिक अधिक असते. खनिज तेलाने रबर फुगते व कुजते, म्हणून तिथे सिलिकोनच, तेही थेंबभर. नळीच्या मागच्या टोकाला एक छोटे रबर गोळीला उलटी गिरकी देते. त्याला तेल लागले की गोळी भरकटते. आणि खेळातली म्हणून डोळ्यावर चष्मा न घालता कोणी हिच्यासमोर उभे राहू नये.

सामन्यांत वापरतात त्या महागड्या रायफली आता बहुधा दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतात. त्यांना स्प्रिंग नसते, पण नियम तोच आहे, किंबहुना अधिक कडक. जोरात दाबलेल्या हवेजवळ तेलाचा थेंब नको. नळकांड्यावर मुदत लिहिलेली असते; ती उलटली की ते वापरू नये.

शिक्षकमित्रहो, मुलांना आधी चार गोष्टी पाठ करून घ्या. बंदूक भरलेलीच आहे असे समजून तिचे तोंड कोणाकडे करू नये. लक्ष्यामागे दगडी भिंत नको, वाळूची किंवा मातीची पेटी हवी, म्हणजे छर्रा उलटून येत नाही. छर्रे तोंडात धरू नयेत, आणि सरावानंतर साबणाने हात धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. आणि पाखरांवर नेम धरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांना संरक्षण दिले आहे, आणि कायदा नसता तरी झाडावरच्या साळुंकीने आपले काय बिघडवले आहे? बंदूक घेताना हेही ध्यानात असू द्या की ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलहून अधिक जोराच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. दहा मीटरच्या सामन्यात कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, बाजरीच्या दाण्याहूनही लहान. याच सामन्यात २००० साली सिडनीला अंजली भागवत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रांनी सुवर्णपदक मिळवले, आणि २०२२ साली कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला, ते ५० मीटरच्या रायफलीवर. तुमच्या शाळेतल्या मुलाचा हात स्थिर असेल, श्वास ताब्यात असेल, आणि बंदूक मात्र दर छऱ्याला निराळी वागत असेल, तर चूक आपली की तिची हे त्याला कळणारच नाही. तो आपल्याच हाताला दोष देईल आणि एक दिवस यायचा थांबेल. बंदूक नीट ठेवायची ती यासाठी.

आमच्या त्या मुलाला मी पुढच्या वर्षी बंदुकीचा रखवालदार नेमले. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला: "आत तेल घालू नये. विचारल्याशिवाय तर नाहीच." तुमच्याही कपाटात तो कागद असू द्या.