गिटारच्या तारा आणि बोटांचे घट्टे

गायनवृंदातला एक मुलगा गिटार परत करायला आला. शिकायला लागून त्याला जेमतेम आठवडा झाला होता. "फादर, माझ्याने नाही व्हायचे. बोटे फाटतात," तो म्हणाला. मी त्याचे हात पाहिले. तळहातांवर कुदळीचे आणि विळ्याचे चांगले घट्टे होते, पण डाव्या हाताच्या बोटांची टोके लाल झाली होती आणि एकावर पाण्याचा फोड होता. चौकशी केली तेव्हा कळले की पहिल्याच रात्री तो तीन तास वाजवीत बसला होता.

मी विचारले, "घरचा नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जुंपतोस का?"

"छे! खांदा सुजेल ना," तो लगेच म्हणाला.

वाचकहो, या उत्तरातच सगळा उपाय आहे. गोऱ्ह्याला आधी हलके काम देतात, तेही थोडा वेळ. जू नीट बसते की नाही ते पाहतात. खांद्याला विश्रांती देतात. बोटांनाही हेच हवे.

घट्टा कसा पडतो?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. एकाच जागी वरचेवर दाब आणि घर्षण झाले की खालच्या पेशी वेगाने वाढतात व हा थर जाड होतो. तोच घट्टा. मात्र थर जाड व्हायला वेळ लागतो. रोज थोडे थोडे वाजविणाऱ्याच्या बोटांना साधारण तीन ते चार आठवड्यांत घट्टे येऊ लागतात. एकाच बैठकीत घर्षण फार झाले, तर थर जाड होण्याऐवजी एकमेकांपासून सुटतात व मध्ये पाणी भरते. तो फोड. फोड म्हणजे प्रगती नव्हे, ती अडचण आहे.

कुदळीचे घट्टे येथे कामास येत नाहीत, कारण ते तळहातावर असतात. ज्या जागी दाब पडतो, तीच जागा तयार होते. सतार वाजविणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारेची खाच पडलेली दिसते. सारंगीवाले तर तार बोटाच्या टोकाने न दाबता नखाच्या मुळाशी लावतात, म्हणून त्यांचे घट्टे तेथे असतात. आपल्या माळव्याला ही माणसे नवी नाहीत. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे वडील शहामीर खाँ इंदूरच्या होळकर दरबारी सारंगीवादक होते. मांडूचा बाज बहादूर १५६१ साली अकबराच्या फौजेपुढे हरला, पण पुढे अबुल फझलने त्याचे नाव अकबराच्या गायकांच्या यादीत घातले. ज्या ज्या घरात तंतुवाद्य वाजले, तेथे कोणाची ना कोणाची बोटे आधी दुखलीच असतील.

आधी जू तपासा

पुष्कळदा दोष बोटांचा नसून वाद्याचा असतो. तारा पट्टीपासून फार उंच असतील, तर दुप्पट जोर लागतो. बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून सुमारे अडीच मिलिमीटर उंच असली तर ठीक. चार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर जाणकार कारागिराकडून ती खाली करून घ्यावी. पोलादी तारांत बारीक संच मिळतो. त्याची पहिली तार ०·०१० इंचाची असते. नवशिक्याने तोच घ्यावा. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना आणखी मऊ लागते. मात्र नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्यांच्या ताणाने तारा अडकविण्याची पट्टी उखडू शकते.

पावसाळ्यात तारांना गंज चढतो आणि गंजकी तार बोट खरवडते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

सराव कसा करावा?

१. एका वेळी १० ते १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा वाजवावे. आठवड्यातून एकदाच दोन तास बसू नये.

२. बोट पडद्याच्या अगदी लगत, मागच्या बाजूस ठेवावे. तेथे कमी जोर पुरतो.

३. तार खरखरेपर्यंत दाब हळूहळू कमी करून पाहावा, मग किंचित वाढवावा. तेवढाच दाब पुरे. नवशिके गरजेपेक्षा पुष्कळच जोर लावतात.

४. डाव्या हाताची नखे कापलेली असावीत.

५. आंघोळ, धुणी-भांडी किंवा पिकाला पाणी देऊन आल्यावर लगेच वाजवू नये. भिजलेली कातडी मऊ असते व सोलते. अर्धा तास थांबावे.

६. हुळहुळले तर चालेल. आग होऊ लागली की थांबावे. थंड पाण्यात थोडा वेळ बोटे धरल्याने बरे वाटते.

घट्टा आला की तो सोलू नये. बोटांवर झटपट चिकटणारा गोंद लावण्याचा खटाटोपही करू नये.

शेतकामाची काळजी

कापूस वेचताना बोंडांची टोके बोटांना टोचतात. त्या दिवसांत सराव निम्मा करावा. फोड आलाच तर फोडू नये. साबणाने हात धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी व तो बरा होईपर्यंत त्या बोटाने वाजवू नये. फोड फुटला असता शेणखतात हात घालू नये, कारण तेथे धनुर्वाताचा धोका असतो. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर आरोग्य केंद्रात विचारावे. जखमी हाताने कीटकनाशक हाताळू नये. फाटलेल्या कातडीतून विष लवकर शरीरात जाते.

केव्हा डॉक्टरकडे जावे?

बोट सुजून ठणकू लागले, पू झाला किंवा ताप आला तर वाट पाहू नये. मधुमेह असणाऱ्यांनी लहान जखमही दाखवावी. मनगट दुखत असेल, तर बसण्याची पद्धत बदलावी आणि तरीही थांबले नाही तर दाखवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घट्ट्यावर स्पर्श थोडा मंद लागतो, ते साहजिक आहे. पण बोटे सतत बधिर राहिली किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो गिटारचा परिणाम समजून गप्प बसू नये. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्यावरचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि लवकर सुरू केल्यास रोग पूर्ण बरा होतो.

त्या मुलाने गिटार परत नेली. फोड बरा होईपर्यंत ती खुंटीला टांगून ठेव, असे मी त्याला सांगितले. मग पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनदा दहा-दहा मिनिटे, त्याहून अधिक नाही. जाताना तो म्हणाला, "म्हणजे गोऱ्ह्यासारखेच." अगदी तसेच. घाई केली तर गोऱ्हाही बसतो आणि मुलगाही शिकणे सोडतो. महिनाभर धीर धरला की दोघेही कामाला लागतात.