गजकर्णाची बुरशी औषधाला दाद का देत नाही?

गजकर्ण किंवा नायटा या नावाने आपण ओळखतो तो त्वचारोग बुरशीमुळे होतो. पूर्वी काही आठवड्यांच्या उपचाराने बरा होणारा हा रोग अलीकडे महिनोन्महिने रेंगाळतो, बरा झाल्यासारखा वाटून पुन्हा उद्भवतो. जेथे मुले एकत्र राहतात तेथे त्याची कारणमीमांसा जाणून घेणे अगत्याचे आहे.

बुरशीच्या पेशीचे आवरण शाबूत राहण्यासाठी तिला अर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ लागतो. तो तयार करणाऱ्या साखळीतील एका विकराला टर्बिनाफीन हे औषध चिकटते व त्याचे कार्य थांबवते. आवरण दुबळे होऊन बुरशी मरते. परंतु असंख्य पेशींपैकी एखादीच्या जनुकात योगायोगाने बदल होऊन त्या विकराचा आकार किंचित पालटतो. मग औषध तेथे बसतच नाही. हा बदल औषध घडवत नाही. औषध केवळ इतर पेशींना मारून या एकीसाठी रान मोकळे करते, आणि पुढची सारी संतती तिचीच असते. जपानमधील संशोधकांनी २०२० साली अशा बुरशीची वेगळी जात म्हणून नोंद केली. तिचे नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावातच भारताचा निर्देश आहे.

या अनिष्ट निवडीला आपली सवय हातभार लावते. दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज व लाली त्वरित शमते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशी आत पसरत राहते. आराम वाटताच मलम थांबते. अर्धवट औषधातून तगलेली बुरशी टॉवेल, कपडे व अंथरुणातून दुसऱ्याकडे जाते. केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारी अधिसूचना काढली. तथापि केवळ अधिसूचनेने सवय बदलत नाही.

म्हणून चट्टा दिसताच मुलाने तो लाजेने लपवू नये, असे वातावरण घरात व वसतिगृहात असावे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि चट्टा मावळला तरी त्यांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. घरातील वा खोलीतील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार व्हावेत. टॉवेल व कपडे वेगळे ठेवावेत, ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. एकाचा अर्धवट उपचार हा त्याच्या शेजारी झोपणाऱ्या सोबत्याचाही प्रश्न असतो.