तळ ठाऊक हवा

गळ टाकायला शिकायचं तर सुरुवात मे महिन्यात करावी, आणि तीही काठी घरी ठेवून. त्या दिवसांत उजनीचा साठा बहुतेक वर्षी तळाला गेलेला असतो. भिगवण, पळसदेवच्या बाजूला पाणी लांबवर मागं सरकतं. फारच खाली गेलं तर पळसनाथाचं जुनं मंदिरही उघडं पडतं. पावसाळ्यानंतर जिथे दोन पुरुष पाणी असतं, तिथे भेगाळलेल्या गाळावरून चप्पल घालून चालता येतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या पोटात गेलेले बांध, ओढे, विहिरी, गाडीवाटा एवढे दोन महिने पुन्हा दिसतात. हिवाळ्यात मासा कुठे चरणार हे या वाटांवर आणि बांधांवर ठरतं.

मला हे शिकवलं ते तिथल्या एका वयस्कर मच्छीमारांनी. त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांचा स्वतःचा धंदा जाळ्याचा, पण गळाची हौस लहानपणापासूनची. कोणती काठी घेऊ, किती लांब फेकू, असं मी विचारत सुटलो तेव्हा ते एका बुडीत बांधाकडे बोट दाखवून म्हणाले, "काठीचं ऱ्हाऊ द्या ओ. हा बांध कुठनं कुठवर जातोय ते आधी बगून घ्या. दिवाळीला हितं पानी आलं की मासा ह्याच्याच कडंकडंनं फिरनार हाय."

मग आम्ही तो बांध शेवटपर्यंत चालून आलो. बांधाची उतरती बाजू, तिच्या पायथ्याशी साठलेला मऊ गाळ, त्यात अर्धवट रुतलेले शिंपले आणि गोगलगायींचे शंख. गाळात मधूनमधून ताटाएवढे उथळ खळगे होते. पाणी असताना सायप्रिनस जातीच्या माशांनी तोंड खुपसून ते केले होते, असं तात्यांनी सांगितलं. जवळच जुन्या बाभळींचे बुंधे उभे होते. तिथे मासा हमखास असतो आणि दोराही हमखास तुटतो, म्हणून त्यांच्यापासून किती हात लांब राहायचं हे आम्ही पावलं टाकून मोजलं. मग काठावरच्या खुणा धरल्या. विजेचा खांब आणि त्यामागचं लिंबाचं झाड एका रेषेत आलं की समोर बांधाचं टोक. ही खूण वहीत लिहून ठेवली. पाणी चढल्यावर सगळं सपाट आणि सारखंच दिसतं, तेव्हा या वहीइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.

ज्याच्यासाठी ही सगळी पायपीट, तो मासा म्हणजे कार्प. पण कार्प म्हणजे एकच मासा नव्हे, मोठं कूळ आहे ते. आपल्या तलावांत सापडणारे कटला, रोहू आणि मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. गवत्या, चंदेरा आणि सायप्रिनस परदेशातून आणलेले. सायप्रिनसची एक जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून उटीला आली. मैदानी मुलखात जी पसरली ती १९५७ मध्ये बँकॉकहून आणलेली. त्याच वर्षी, १० जुलैला, ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांना गंगेच्या कार्पची प्रेरित पैदास करून दाखवण्यात यश आलं. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचं वाहतं, चढतं पाणी लागतं. माशाच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचला की ते बंदिस्त जागेतही विणीला तयार होतात, हे तेव्हा सिद्ध झालं. आज आपल्या तळ्यांत जो कटला-रोहू गळाला लागतो, तो बहुतेक वेळा असाच हॅचरीत जन्मलेला आणि कोणीतरी पैसे मोजून पाण्यात सोडलेला असतो. म्हणून गळ टाकण्याआधी परवानगी घ्यायची. अनेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. संस्थेच्या माणसाला भेटावं, विचारावं, फी असेल ती द्यावी. धरणाच्या भिंतीजवळ जाऊ नये. मासे कुठे आहेत हेही त्या भेटीत बहुधा कळतं, कारण रोज जाळं लावणाऱ्यांना ते ठाऊकच असतं.

माशाला कसं गाठायचं हे त्याच्या तोंडावरून ठरतं. बाजारात गेलात तर कोळिणीच्या पाटीवर कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे चारही मासे शेजारी शेजारी पाहायला मिळतील. कटल्याचं डोकं मोठं, तोंड रुंद आणि वर वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरातलं बारीक प्राणिजीवन गाळून खातो. रोहूचं तोंड किंचित खाली झुकलेलं, ओठ जाड आणि झालरीसारखे. तो मधल्या थरात राहतो, दगडांवरचं शेवाळ, कुजका पालापाचोळा ओरपतो. मृगळाचं तोंड आणखी खाली, तो तळाचा. सायप्रिनसच्या तोंडाला दोन जोड्या मिशा असतात आणि ओठ नळीसारखे पुढे येतात. मिशांनी चव घेत तो गाळ चाळतो. जबड्यात यांपैकी एकाच्याही दात नाहीत. दात असतात ते घशात, आणि सायप्रिनसचे तर इतके मजबूत की गोगलगायीचा शंख फुटतो. यांना जठर नसतं ही आणखी एक गोष्ट. एकदा पोट भरून दिवसभर पडून राहणं त्यांच्या रचनेत नाही. थोडं थोडं, सतत खात फिरणं हेच त्यांचं जगणं.

या दोन गोष्टी समजल्या की आमिष आणि चारा यांचं अर्धं शास्त्र आपोआप उलगडतं. सतत खाणारा मासा आपल्या फेरीच्या वाटेवर अन्न मिळालं तर पुन्हा तिथे येतो. म्हणून जागा ठरवून सलग काही दिवस, ठरावीक वेळी, मूठ-दोन मूठ चारा टाकायचा. घमेलंभर टाकलं तर ते तळाला सडतं आणि मासे तिथून उठतात. तात्यांचा चारा साधा आहे: भिजवलेली शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, भाजून दळलेलं हरभऱ्याचं पीठ आणि थोडा गूळ. पीठ भाजल्यानं वास सुटतो. कटल्यासाठी याचा गोळा सैल ठेवतात, म्हणजे पाण्यात पडताच त्याचा धुरळा होऊन तो तरंगत राहतो. तळाच्या माशासाठी गोळा घट्ट हवा, फेकताना फुटू नये आणि खाली गेल्यावर हळूहळू विरघळावा. गळाला लावायला कणीक, उकडलेला मका, गांडूळ. गांडुळाला मासा लवकर येतो, पण बहुतेक वेळा तो चिलापी असतो. उजनीत चिलापी एवढी माजली आहे की गांडूळ तळाला पोचण्याआधीच संपतं. मक्याचे दोन टपोरे दाणे लावले तर हा त्रास बराच कमी होतो.

आमिषाचा हा विचार आपल्या भागात नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. राजाच्या करमणुकींत त्यानं मत्स्यविनोदाला जागा दिली. माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा आणि गळानं मासा धरण्याची रीत त्यात सांगितली आहे. नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या राजाला या विषयावर सविस्तर लिहावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साहित्यावर नवखे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि तिथेच ते सगळ्यात कमी लागतात. दहा-बारा फुटांची मधल्या ताकदीची काठी, साधं स्पिनिंग रीळ, पाच-सहा किलो वजन पेलणारा नायलॉनचा दोरा म्हणजे तंगूस, सहा किंवा आठ नंबरचे धारदार गळ, शिशाचे मणी, आणि मोरपिसाच्या दांडीचं तरंगतं बूच. एवढं पुरतं. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीनं ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेनं दोरा तिथेच कमकुवत होतो. रिळाचा ड्रॅग घरीच ताणकाट्याला दोरा बांधून लावून घ्यावा. पाच-सहा किलोच्या दोऱ्याला दीड-दोन किलोच्या ओढीवर रीळ सुटायला हवं. मोठा मासा गळाला लागल्यावर स्क्रू शोधत बसायला वेळ नसतो. आणि जाळीशिवाय पाण्यावर जाऊच नये.

बुचाची खोली लावणं हे पहिल्या सकाळचं खरं काम. गळाला जड शिसं अडकवून फेकायचं. बूच बुडालं तर पाणी खोल, आडवं पडलं तर उथळ. असं सरकवत सरकवत दांडीचं टोक पाण्याबाहेर बोटभर राहील तिथे थांबायचं. पाच-पाच हातांवर हेच केलं की मे महिन्यात पाहिलेला बांध दोऱ्याच्या मापात पुन्हा सापडतो. मला या सगळ्या कामात सर्वात आवडणारा भाग हाच. डोळ्यांना न दिसणारी जमीन हाताला कळू लागते.

मग बसायचं, आणि पाय आपटायचे नाहीत. या कुळातल्या माशांच्या शरीरात वाताशय आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचं ऐकणं फार तीक्ष्ण आहे. काठावरची धपधप पाण्यात पोचते. तात्या डबा खाली ठेवतानाही आधी खाली पंचा अंथरतात.

पाणी पाहत राहिलं की ते बोलू लागतं. तळातून बारीक बुडबुड्यांची रांग उठून हळूहळू पुढे सरकत असेल, तर खाली कोणीतरी गाळ उकरत चाललं आहे. एकाच जागी मोठे बुडबुडे येत असतील तर तो नुसता कुजलेल्या गाळाचा वायू. बूच टुकटुक नाचत असेल तर चिलापी, हात लावू नये. मृगळाचा घास इतका हलका की दांडी जेमतेम थरथरते आणि सावकाश आत जाते. कटला आमिष ओढत नाही, पाण्यासकट तोंडात घेतो, म्हणून बूच न बुडता आडवं सरकू लागतं. सायप्रिनसचा घास सगळ्यात वेगळा. तो तळाचा दाणा उचलतो तेव्हा त्याच्याबरोबर शिशाचा शेवटचा मणीही उचलला जातो, भार कमी होतो आणि दांडी बुडण्याऐवजी वर येऊन पाण्यावर आडवी होते. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं. पण झटका द्यायची वेळ नेमकी तीच. हा मासा खाणं ओढून घेतो, चाखतो आणि पटलं नाही तर क्षणात फुंकून टाकतो. झटकाही मनगटाचाच हवा, खांद्याचा नको. तोंड मऊ असतं, फाटतं.

मासा लागला की काठी वर धरायची आणि रिळाला सुटू द्यायचं. कटला जडपणे, सरळ खोल पाण्याकडे जातो. रोहू दिशा बदलत राहतो. सायप्रिनस तळाला चिकटून बाभळींच्या बुंध्यांकडे वळतो. तेव्हा काठी पाण्याला समांतर, उलट बाजूला झुकवून त्याचं डोकं फिरवावं लागतं. मासा दमून आडवा झाला की जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवायची आणि मासा तिच्यावर आणायचा. जाळी घेऊन माशामागे धावलं तर शेवटच्या हाताच्या अंतरावर दोरा तुटतो. सायप्रिनसच्या पाठीच्या परावर पुढे करवतीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि तळहातही कापतो.

खायचा असेल तर मासा लगेच मारावा, पिशवीत तडफडत ठेवू नये. सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरावा, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगांपासूनचं संरक्षण आहे. कल्ल्यांत बोटं घालून फोटोसाठी लटकवलेला मासा परत सोडला तरी बहुधा जगत नाही. नीट हाताळला तर कार्प चिवट आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉकर यांनी १९५२ मध्ये रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला, तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला आणि तिथे तो वर्षानुवर्षं जगला.

नदीवर हेच सगळं थोडं बदलतं. तिथे तळापेक्षा ओढ महत्त्वाची. डोहाच्या मधोमध टाकण्यापेक्षा जिथे वाहतं पाणी डोहात शिरून मंदावतं, त्या कडेला आमिष ठेवावं. प्रवाह अन्न आणतो आणि मासा ओढीत उभा राहायचे कष्ट न घेता ते टिपतो. बूच ओढीत टिकत नाही, म्हणून चपटं शिसं लावून तळाला ठेवायचं आणि काठीच्या टोकाकडे पाहायचं. काही डोहांवर मात्र गळ न्यायचाच नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले खडस आहेत, म्हणजे महसीर. ते याच कुळातले. पुरुषभर लांबीच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा तिथे जाऊन चुरमुरे टाकावेत आणि मोठं तोंड पाण्यावर कसं उघडतं ते डोळ्यांनी पाहावं. गळ टाकणाऱ्याला यातून पुष्कळ शिकता येतं.

आणि जून लागला की काठी भिंतीवर. पहिल्या पुराबरोबर गाभोळीनं भरलेले मासे वलगणीला ओढ्यांतून वर चढतात. त्या दिवसांत मासा शोधावा लागत नाही, काठीनंही मारता येतो, आणि म्हणूनच तेव्हा तो धरू नये. रीळ उघडून तेल घालावं, जुना दोरा काढावा. काढलेला दोरा पाण्याकाठी टाकू नये, नायलॉन कुजत नाही आणि भिगवणच्या पाणपक्ष्यांच्या पायांत तो गुंततो. पावसाळ्यात संस्थेचे लोक बोटुकली सोडायला येतील तेव्हा जमलं तर मदतीला जावं. प्राणवायू भरलेल्या पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं उबदार झालं की मगच तोंड सोडतात. बोटाएवढा कटला पिशवीतून निघतो, क्षणभर काठाशी थबकतो आणि खोल पाण्याकडे जातो. खायला नीट मिळालं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो किलोच्या घरात जातो.