पाच व्होल्टची राखण

शेतातले इलेक्ट्रॉनिक्स : भाग 6

मागच्या भागात आपण शेततळ्यातल्या फ्लोट स्विचची वायर विहिरीवरच्या ऑटो स्टार्टरपर्यंत आणली. आज तिच्या टोकाला असलेली, स्टार्टरच्या कंट्रोलरमधली चिप कशी सांभाळायची ते पाहू. जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न नुसत्या यंत्राचा नाही. इथल्या उसात बिबट्याचा वावर असतो. रात्रीची लाईट आली की मोटरीसाठी रानात जावे लागू नये, म्हणून तर हा कंट्रोलर. तो जळाला की माणूस पुन्हा बॅटरी घेऊन अंधारात निघतो.

चिप 5 व्होल्टवर चालते. सिग्नलच्या पिनेवर पुरवठ्यापेक्षा अर्धा व्होल्ट जास्त आला तरी तिला धोका संभवतो. त्याच पेटीत, चार बोटांवर, मोटरीचे 415 व्होल्ट असतात. शिवाय बाहेर शे-दोनशे मीटर वायर पसरलेली. तिच्यावर संकट तीन वाटांनी येते : मोटरीच्या केबलला खेटून गेल्याने, उंदराने कुरतडलेल्या जागी फेज चिकटल्याने आणि जवळपास वीज पडल्याने.

पहिल्यावर उपाय खोदतानाच करायचा. सिग्नलची वायर वेगळ्या पाइपातून न्यावी, दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा, आणि मोटरीची केबल ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडावी.

फेज चिकटण्यावर पहिला इलाज रेझिस्टर आणि झेनर डायोडचा. रेझिस्टर प्रवाह रोखतो, झेनर पिनेवरचा दाब 5.1 व्होल्टच्या आसपास अडवून धरतो. मात्र हिशेब चोख हवा. 230 व्होल्टच्या फेजचे शिखर 325 व्होल्ट असते. 10 किलोओहमचा रेझिस्टर लावला तर त्यात 5 वॉटहून अधिक उष्णता होईल आणि नेहमीचा पाव वॉटचा रेझिस्टर काळा पडेल. त्याऐवजी 47 किलोओहमचे, अर्ध्या वॉटचे दोन रेझिस्टर एकामागोमाग लावा. प्रवाह साडेतीन मिलिअँपिअरच्या आत राहतो, प्रत्येकात 0.28 वॉट उष्णता होते आणि 325 व्होल्टचा दाबही दोघांत वाटला जातो. एवढ्या अडथळ्यानंतरही सिग्नल ठळक राहावा म्हणून फ्लोटमधून 5 ऐवजी 12 व्होल्ट फिरवावेत.

पण फेज सिग्नलच्या तारेऐवजी फ्लोटला 12 व्होल्ट पुरवणाऱ्या तारेला चिकटला तर? पिन वाचेल, पुरवठा जळेल. म्हणून खरा उपाय बाहेरचे तांबे आतल्या तांब्यापासून तोडण्याचा. ऑप्टोकपलरमध्ये एका बाजूला छोटा एलईडी, समोर प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर, आणि मध्ये विजेचा कसलाही जोड नाही. PC817 हा बाजारात सहज मिळणारा भाग 5000 व्होल्टपर्यंतच्या विलगीकरणासाठी बनवलेला आहे. एलईडीला 2.2 किलोओहममधून 12 व्होल्ट द्या, उलट्या दाबासाठी त्याला समांतर एक साधा डायोड उलटा जोडा. फ्लोटच्या मंडलाला 12 व्होल्टचा स्वतंत्र, विलग पुरवठाच हवा. बाहेरचे आणि आतले ग्राउंड जोडले की सगळी मेहनत वाया.

नारायणगावजवळ खोडदला हेच तत्त्व फार मोठ्या आकारात दिसते. जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत, आणि त्यांचे सिग्नल मध्यवर्ती इमारतीत ऑप्टिकल फायबरने येतात. तिथली गरज वेगळी, अतिक्षीण रेडिओलहरी दूरवर नेण्याची. पण प्रकाशाच्या वाटेने वीज वाहत नाही, हा गुण दोन्हीकडे सारखाच कामी येतो.

राहिली आकाशातली वीज. वायर पेटीत शिरते तिथेच गॅस डिस्चार्ज ट्यूब लावावी आणि तिची अर्थिंगची तार आखूड, सरळ ठेवावी. थेट पडलेल्या विजेपुढे काहीच टिकत नाही, जवळ पडलेल्या विजेचा झटका मात्र जमिनीत उतरवता येतो. त्यासाठी जमीन ओली हवी. वळवाच्या विजा नेमक्या जमीन सर्वात कोरडी असते तेव्हा येतात. तेव्हा एप्रिल सरायच्या आत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडा आणि गंजलेला क्लॅम्प बदला. कुठल्याही कामासाठी पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच पाडा आणि टेस्टरने खात्री करा.

पुढच्या आठवड्यात : अर्थिंगचा खड्डा कसा भरावा आणि कसा तपासावा.